टेबलावरच्या संमीलनाची कुळकथा

ड्यूटेरियमच्या, म्हणजे जड हायड्रोजनच्या, दोन केंद्रकांवर सारखाच धनभार असतो, म्हणून ती एकमेकांना दूर लोटतात. ती एकजीव व्हायची तर प्रचंड वेगाने आदळायला हवीत. १९३४ साली केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत ऑलिफंट, हार्टेक आणि रदरफोर्ड यांनी हा वेग उच्च विद्युतदाबाने दिला आणि संमीलन घडवून आणलं.

हाच वेग लेझरनेही देता येतो. त्या वाटेचं मूळ १९८५ सालात आहे. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी एक युक्ती काढली: लेझरचा स्पंद आधी ताणायचा, मग त्याची ऊर्जा वाढवायची आणि शेवटी तो पुन्हा आवळायचा. त्यामुळे फेम्टोसेकंदांचे, म्हणजे अत्यंत अल्पकाळाचे, अतितीव्र स्पंद लहान प्रयोगशाळेतही मिळू लागले. १९९७ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात टॉड डिटमायर आणि सहकाऱ्यांनी झेनॉन अणूंच्या पुंजक्यांवर असे स्पंद सोडले. पुंजके फुटले आणि दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंतच्या ऊर्जेचे आयन बाहेर पडले.

झेनॉनच्या जागी ड्यूटेरियम घेतलं तर? १९९९ साली लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत डिटमायर यांच्या गटाने गारठवलेला ड्यूटेरियम वायू निर्वातात फवारला. त्यात रेणूंचे काही नॅनोमीटरचे पुंजके जमले. ३५ फेम्टोसेकंदांच्या स्पंदाने त्यांचे इलेक्ट्रॉन हिसकावून घेतले. उरलेली केंद्रकं आपसातल्या प्रतिकर्षणानेच उधळली, शेजारच्या पुंजक्यांतून सुटलेल्या केंद्रकांवर आदळली आणि त्यांतली काही जुळली. संमीलनाच्या आड येणारं प्रतिकर्षणच इथे वेग पुरवतं. या तंत्राचं खरं सौंदर्य मला यातच दिसतं. दर स्पंदाला सुमारे दहा हजार न्यूट्रॉन निघाले. त्यांची २४.५ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा हीच संमीलनाची खूण ठरली.

पुढचं गणित तेल अवीवच्या इसिडोर लास्ट आणि जोशुआ यॉर्टनर यांनी मांडलं. रेणूत ऑक्सिजन किंवा कार्बनसारखा जड अणू असेल, तर तो अधिक इलेक्ट्रॉन गमावतो आणि ड्यूटेरियमला अधिक जोराने ढकलतो. त्यासाठी त्यांनी जड पाणी आणि ड्यूटेरियमयुक्त मिथेन सुचवलं. २००२ साली फ्रान्समध्ये अशा मिथेनच्या पुंजक्यांतून खरोखरच न्यूट्रॉन मिळाले.

यातून वीज मिळेल अशी आशा मात्र धरू नये. लिव्हरमोरच्या स्पंदात ०.१२ ज्यूल ऊर्जा होती आणि संमीलनातून तिचा जेमतेम एक कोटीवा हिस्सा परत आला. या तंत्राचं मोल वेगळं आहे: टेबलावर मावणाऱ्या लेझरमधून न्यूट्रॉनांचे अत्यंत अल्पजीवी झोत मिळतात आणि न्यूट्रॉनांच्या माऱ्याने पदार्थांचं काय होतं ते तपासता येतं. त्याची किंमत विजेच्या हिशेबात मोजू नये.