पिस्तुलावरचा मुकुट

पिस्तूल म्हटलं की आपल्याला पोलीस, दरोडेखोर नाहीतर हिंदी सिनेमा आठवतो. पण मी आज ज्या जुन्या जर्मन पिस्तुलांविषयी बोलणार आहे, ती कागदावर नेम धरण्यासाठी घडवलेली. पन्नास मीटरवरच्या निशाणाचं सर्वांत आतलं, दहा गुणांचं वर्तुळ फक्त 5 सेंटिमीटरचं. ते गाठायचं म्हणून एका वेळी एकच गोळी, लांब नळी, बोट टेकताच सुटेल इतका हलका चाप. आणि लाकडी मूठ अशी कोरलेली, की एकाच माणसाच्या तळहातात ती नीट बसावी.

थुरिंगिया प्रांतातली झूल आणि त्सेला-मेलिस ही शेजारची गावं म्हणजे या कामाचं माहेर. (ही झूल आपल्या बैलांची नव्हे.) त्सेला-मेलिसच्या ब्यूखेलनं आपल्या पिस्तुलाला दंतकथेतल्या विल्यम टेलचं नाव दिलं. त्याच गावच्या वाल्थरचं ‘ऑलिंपिया’ 1936 साली बर्लिनला गाजलं. झटपट नेमबाजीत सुवर्ण आणि रौप्य ही दोन्ही पदकं जर्मनांनीच नेली.

मी संग्राहक नाही. कवीला तो शौक परवडायचा कसा? पण त्यांची लिलावाची सूचिपत्रं वाचायचा मला नाद आहे. नळीवर मुकुट आणि त्याखाली ‘एन’ असा चाचणीचा छाप असला, तर पिस्तूल 1940 पूर्वीचं. गरुड असला तर नंतरचं. गंमत बघा, कैसर 1918 मध्येच गादी सोडून गेला, पण त्याचा मुकुट पोलादावर आणखी वीसेक वर्षं टिकला. वस्तू दुर्मिळ का, याचंही उत्तर इतिहासात आहे. 1945 मध्ये अमेरिकी सैनिकांनी कितीतरी पिस्तुलं आठवण म्हणून घरी नेली. 1946 च्या जानेवारीत दोस्तांनी जर्मनांना हत्यारं जमा करायला लावली. वाल्थरचा कारखाना रशियनांनी उखडून नेला.

सूचिपत्रात ‘मूळ मूठ’ असं लिहिलं असलं की किंमत चढते. मला तिथं थांबावंसं वाटतं. मूळ म्हणजे कुणाच्या हाताची? 11 नोव्हेंबर 1938 च्या हुकमानं जर्मनीतल्या ज्यूंना बंदूक, काडतूस, तलवार, काहीही बाळगायला बंदी झाली. त्यांच्यातही नेमबाज होतेच. त्यांनी जमा केलेल्या पिस्तुलांचं पुढं काय झालं, ते नळीवरचा छाप सांगत नाही.

खुद्द झूलमध्ये लोएब आणि मोझेस सिमसन या ज्यू भावांनी 1856 मध्ये काढलेला कारखाना होता. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन लष्कराला पिस्तुलं पुरवायचं अधिकृत कंत्राट त्याच्याकडेच होतं. नाझी पुढारी फ्रित्स झाउकेलनं तो 1935-36 मध्ये बळकावला. ‘ऑलिंपिया’ बर्लिन गाजवत होतं, त्याच वर्षी सिमसन कुटुंब देश सोडून गेलं. गझलेच्या मक्त्यातून शायराचं तखल्लुस खोडावं, तसं कारखान्यावरचं नाव पुसलं गेलं. पुढं वाल्थरनंही नॉयेनगामेच्या छळछावणीत कारखाना थाटला आणि कैद्यांकडून रायफली करून घेतल्या. हे सूचिपत्रात छापायला दोन ओळी पुरतील; पण माझ्या वाचनात आलेल्या सूचिपत्रांत त्या नव्हत्या.

झाउकेल 1946 मध्ये न्यूरेंबर्गला फासावर गेला. सिमसन हे नाव मात्र परत आलं. पूर्व जर्मनीत त्याच झूलमध्ये बनलेल्या मोपेडवर ते होतं, आणि त्या गाड्या तिकडच्या रस्त्यांवर अजून दिसतात.