उशिरा हाती घेतलेली लेखणी

१८५७ साली पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे आपल्या काकांसह उत्तरेकडे निघाले. घरावर कर्ज होते, आणि बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता कोकणात पोहोचली होती. दक्षिणा मिळेल ही आशा. वाटेतच पलटणी उठल्याचे कानी आले, आणि पुढच्या वर्षी हे भिक्षुक झांशीच्या वेढ्यात सापडले.

परतल्यावर जवळजवळ पंचवीस वर्षे त्यांनी या प्रवासाची हकीकत लिहिली नाही. १८८३ च्या सुमारास, पन्नाशी उलटल्यावर, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी लेखणी हाती घेतली. एवढ्या अवधीत तिथी-वार पुसट व्हावयाचेच, आणि काही झालेही आहेत. आम्हां कचेरीतल्या मंडळींचा विश्वास त्याच दिवशी केलेल्या टिपणावर अधिक! परंतु असे टिपण करणारा सहसा तोफेच्या मागच्या बाजूस असतो. झांशीच्या लुटीत आधी सोनेनाणे गेले, मग तांब्यापितळेची भांडी, मग वस्त्रे; हा क्रम घरात दडून बसलेल्यालाच ठाऊक. शिवाय पाठांतर हाच ज्याचा व्यवसाय, त्याचे स्मरण आपल्यासारखे कसे असेल?

भय मात्र वयाबरोबर ओसरले नव्हते. सरकारच्या धास्तीने त्यांनी अट घातली होती, की हे आपल्या पश्चातच छापावे. त्याप्रमाणे वैद्यांनी १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध केला, तोही बराच फेरफार करून. विष्णुभटांचा मूळ मजकूर दत्तो वामन पोतदारांच्या संपादनाखाली वाचकांपुढे यावयास १९६६ साल उजाडावे लागले.