मिटल्या डोळ्यांचा सराव

हातभर दोरा घ्या, त्याला एक अंगठी बांधा. कोपर टेबलावर टेकवा आणि दोरा चिमटीत धरून अंगठी लोंबकळू द्या. हात हलवायचा नाही. आता मनात एवढंच आणा, की अंगठी गोल फिरते आहे. बहुतेकांच्या बाबतीत थोड्याच वेळात ती खरोखर फिरू लागते. आपण हात हलवलेला नाही याची पक्की खात्री असते आणि तरीही अंगठी डोळ्यांदेखत फिरत असते.

बर्फाच्या उतारावर शर्यत सुरू होण्याआधी स्कीपटू डोळे मिटून उभे असतात. त्यांचे खांदे किंचित डावी-उजवीकडे झुकतात, तळहात हवेत वळणं घेतात. नेमबाज रायफल उचलण्याआधी क्षणभर थांबतो, ओठ मिटतो आणि एक न झाडलेली गोळी मनात झाडतो. आज या गोष्टीला मनातला सराव म्हणतात आणि मोठ्या स्पर्धांमधल्या खेळाडूंच्या दिनक्रमात तिला ठरलेली वेळ असते. तिचा माग काढत मागे गेलं, की आपण त्या दोऱ्याला बांधलेल्या अंगठीपाशी पोचतो.

पॅरिसमधले रसायनशास्त्रज्ञ मिशेल-यूजेन शेव्रल यांनी १८३३ मध्ये आंद्रे-मारी अँपिअर यांना उद्देशून एक जाहीर पत्र लिहिलं. लोलकाच्या हलण्यावरून पदार्थांचे गुप्त गुण ओळखता येतात, असं तेव्हा अनेक जण मानत. शेव्रल यांनी स्वतः लोलक हातात धरून पाहिला. पाऱ्यावर धरला की तो हले आणि मध्ये काचेचा तुकडा आला की मंदावे. मग त्यांनी डोळे बांधून घेतले आणि काच कधी सरकवली जाते हे आपल्याला कळणार नाही अशी व्यवस्था केली. तेव्हा काच असण्या-नसण्याने काहीच फरक पडेना. लोलकाला हलवणारी शक्ती पाऱ्यात नव्हती. ती धरणाऱ्याच्या अपेक्षेत होती, आणि ती अपेक्षा त्याच्या नकळत स्नायूंपर्यंत पोचत होती.

या घटनेला नाव मिळालं लंडनमध्ये. १८५२ मध्ये शरीरशास्त्रज्ञ विल्यम बेंजामिन कार्पेंटर यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानात तिला ‘आयडिओमोटर’ क्रिया म्हटलं. कल्पनेतून, इच्छेच्या आदेशाशिवाय घडणारी हालचाल असा त्याचा अर्थ. त्या काळात टेबलाभोवती बसून हात टेकवायचे आणि टेबल फिरलं की आत्मा आला असं मानायचं, हा प्रकार जोरात होता. पुढच्याच वर्षी मायकेल फॅरडे यांनी एक साधं उपकरण बनवून दाखवून दिलं, की टेबल हलवणारे हात बसलेल्यांचेच असतात. विल्यम जेम्स यांनी १८९० मधल्या आपल्या मानसशास्त्राच्या ग्रंथात हा विचार आणखी पुढे नेला. हालचालीची कल्पना करणं ही त्या हालचालीची सुरुवातच असते, अशी त्यांची मांडणी होती. जी गोष्ट पुढे ऑलिंपिकच्या तयारीत रुजली, तिचा जन्म असा एका भ्रमाचा उलगडा करताना झाला. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण आजही या विषयाभोवती चमत्काराची भाषा पुन्हा पुन्हा गोळा होते.

नकळत घडणारी ही गोष्ट जाणूनबुजून वापरता येईल, हे लक्षात यायला मात्र आणखी बराच काळ गेला. त्या वाटेवर पहिलं मोजमाप केलं शिकागोतल्या एडमंड जेकबसन या डॉक्टरांनी. त्यांचा ध्यास होता शरीर पूर्ण सैल कसं सोडावं हा. एकेक स्नायू आवळून सोडण्याची त्यांची पद्धत १९२९ च्या पुस्तकामुळे जगभर गेली. माणूस खरोखर सैल झाला आहे की नाही, हे तपासायला त्यांनी स्नायूंमधले अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह मोजणारी यंत्रणा उभारली. निवांत पडलेल्या माणसाला ते सांगत, उजवा हात कोपरात वाकवतो आहेस अशी फक्त कल्पना कर. हात जागचा हलत नसे. पण उजव्या दंडाच्या स्नायूत विजेची लहर उमटे. डाव्या दंडात ती नसे. शेव्रल यांच्या लोलकात दिसलेली गोष्ट आता यंत्रावर वाचता येऊ लागली. जेकबसन यांना स्नायू शांत करायचे होते. खेळांच्या जगाने त्याच निरीक्षणाचं दुसरं टोक पकडलं.

पण लगेच नाही. इलिनॉय विद्यापीठात कोलमन ग्रिफिथ यांनी १९२५ मध्ये खेळाडूंच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा सुरू केली आणि १९२६ मध्ये प्रशिक्षकांसाठी मानसशास्त्राचं पुस्तक लिहिलं. १९३२ मध्ये ती प्रयोगशाळा बंद पडली. १९३८ मध्ये शिकागो कब्ज या बेसबॉल संघाच्या मालकाने त्यांना बोलावलं, पण संघाच्या व्यवस्थापकांनी त्यांना जवळ केलं नाही. प्रशिक्षकाचा अनुभव आणि अभ्यासकाची वही यांच्यात तेव्हा मोठी दरी होती.

दरम्यान एक प्रश्न आकार घेत होता. मनात केलेल्या सरावाने कौशल्य वाढतं का? १९३४ मध्ये सॅकेट यांनी चक्रव्यूहासारखी वाट शिकलेल्यांना ती मनात पुन्हा पुन्हा चालायला लावली, तेव्हा ती त्यांच्या चांगली लक्षात राहिली. १९४३ मध्ये वँडेल, डेव्हिस आणि क्लगस्टन यांनी डार्ट फेकणं आणि बास्केटबॉलचा फ्री थ्रो घेऊन प्रयोग केला. एक गट रोज प्रत्यक्ष सराव करी. दुसरा फक्त पहिल्या आणि शेवटच्या दिवशी फेकी. तिसरा मधल्या दिवसांत फक्त मनात फेकी. मनात फेकणाऱ्यांची प्रगती प्रत्यक्ष सराव करणाऱ्यांच्या जवळपास होती. गट अगदी लहान होते, त्यामुळे त्यावर मोठी इमारत उभी करणं धोक्याचं होतं. पण प्रश्नाने मूळ धरलं. १९६७ मध्ये ॲलन रिचर्डसन यांनी तोवरच्या प्रयोगांचा आढावा घेतला. १९८३ मध्ये डेबोरा फेल्ट्झ आणि डॅनियल लँडर्स यांनी ६० अभ्यासांची एकत्र गणना केली. मनातला सराव काहीच न करण्यापेक्षा निश्चित चांगला, आणि ज्या कामात क्रम, आखणी, निर्णय जास्त तिथे त्याचा लाभ जास्त, असं त्यातून दिसलं. १९९४ मधल्या आणखी एका एकत्रित गणनेने दुसरी बाजू नेमकी सांगितली. प्रत्यक्ष सराव मनातल्या सरावापेक्षा सरस असतो, आणि मनातल्या सरावाचा लाभ उजळणी न केल्यास काही आठवड्यांत ओसरू लागतो.

प्रयोगशाळेतून ही गोष्ट मैदानावर आणण्यात कोलोरॅडो राज्य विद्यापीठातल्या रिचर्ड सुइन यांचा वाटा मोठा आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी स्कीपटूंसाठी एक पद्धत बसवली. आधी जेकबसन यांच्या वाटेने शरीर सैल सोडायचं आणि मग संपूर्ण उतार मनात उतरायचा. नुसता पाहायचा नाही, उतरायचा. पायाखालचा बर्फ, वाऱ्याचा मारा, वळणावर गुडघ्यांवर येणारा भार, सगळं त्यात आलं पाहिजे. एका स्कीपटूच्या पायाला त्यांनी तारा जोडल्या आणि मनात शर्यत करायला सांगितली. आलेखावर ज्या लहरी उमटल्या, त्या उतारावरच्या वळणांशी जुळणाऱ्या होत्या. विद्यापीठाच्या संघावर त्यांनी तुलनेचा प्रयोगही मांडला होता. पण मनातला सराव केलेल्या खेळाडूंची प्रगती पाहून प्रशिक्षकाने शर्यतीत त्यांनाच उतरवलं आणि तुलना अपुरीच राहिली. ग्रिफिथ यांना ज्या दारातून परत फिरावं लागलं होतं, ते दार आता आतून उघडलं जात होतं. १९७६ च्या इन्सब्रुक हिवाळी ऑलिंपिकला सुइन अमेरिकी पथकासोबत गेले. सोव्हिएत संघातही प्रशिक्षक हे काम करत होते आणि तिथे त्याचं नाव होतं ‘आयडिओमोटर प्रशिक्षण’. कार्पेंटर यांचा शब्द असा खेळाच्या मैदानावर पोचला.

मग उरला जुना वाद. मनातल्या सरावाने स्नायू शिकतात, की मेंदू? ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून प्रयोगांनी मेंदूच्या बाजूने कौल दिला. फ्रान्समध्ये मार्क झानरो आणि जाँ देसेती यांनी माणसांना एखाद्या खुणेपर्यंत चालायला सांगितलं, आणि मग तेवढंच अंतर मनात चालायला सांगितलं. दोन्ही चालींना लागलेला वेळ जवळपास सारखा भरला. १९९५ मध्ये अल्वारो पास्कुआल-लिओने आणि सहकाऱ्यांनी पियानो कधीच न वाजवलेल्या माणसांना पाच बोटांचा एक पाठ दिला. काहींनी रोज २ तास असा ५ दिवस तो वाजवला. काहींनी पियानोपुढे बसून बोटं न हलवता तेवढाच वेळ तो मनात वाजवला. बोटांचे स्नायू हलवणाऱ्या मेंदूच्या भागात दोन्ही गटांत सारखाच बदल दिसला. वाजवण्यात मात्र मनातला गट मागे होता. पाचव्या दिवशी तो प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांच्या तिसऱ्या दिवसापाशी होता. पण त्यानंतर त्यांना फक्त २ तास खरा पियानो वाजवू दिला, तेव्हा ते बरोबरीला आले. मनातल्या सरावाचं खरं काम या प्रयोगात सगळ्यात स्वच्छ दिसतं. तो जमीन नांगरून ठेवतो. पेरणी हातांनाच करावी लागते.

आपल्याकडे ही जाण अनोळखी नव्हती. तबल्याचा विद्यार्थी बोल आधी तोंडाने म्हणतो, हाताने टाळी-खाली देत पढंत करतो आणि मग ते बोल चामड्यावर उतरतात. नेमबाजांच्या रेंजवर ‘ड्राय फायरिंग’ असतं. रायफल खरी, उभं राहणं खरं, श्वास आणि चापावरचं बोट खरं, फक्त गोळी नसते. शरीराचा सराव आणि मनाचा सराव यांच्यामधला हा सांधाच आहे. नेमबाजीतूनच महाराष्ट्रातला एक महत्त्वाचा धागा निघतो. भीष्मराज बाम पोलीस सेवेतले अधिकारी होते आणि नेमबाजीशी त्यांचं जवळचं नातं होतं. पुढे नाशिकमध्ये राहून त्यांनी खेळाडूंच्या मनाच्या तयारीचं काम केलं. अंजली भागवत, गगन नारंग, राहुल द्रविड अशा खेळाडूंना त्यांचं मार्गदर्शन मिळालं. त्यांनी आधार घेतला योगाचा. एकाग्रता हा उपदेशाचा विषय नसून रोज करायच्या अभ्यासाचा विषय आहे, ही त्यांची धारणा होती, आणि ‘विजयाचे मानसशास्त्र’ हे पुस्तक लिहून त्यांनी ती मराठी वाचकापर्यंत आणली. २०१७ मध्ये ते गेले. क्रीडामानसशास्त्र हा शब्दही आपल्या तालमींत आणि मैदानांवर नवा होता, तेव्हा त्यांनी हे काम उभं केलं, याबद्दल महाराष्ट्राने कृतज्ञ राहायला हवं.

या शतकात पद्धत पुन्हा एकदा दुरुस्त झाली. पॉल होम्स आणि डेव्ह कॉलिन्स यांनी २००१ मध्ये सांगितलं, की कोचावर आडवं पडून, अंग सैल सोडून केलेली कल्पना खऱ्या खेळापासून फार दूर असते. मनातला सराव खेळाच्या कपड्यांत, खेळाच्या पवित्र्यात, शक्य तर त्याच मैदानावर, खऱ्या वेगाने आणि खऱ्या भावनेसह करावा. धडधड मनात आणावी, टाळू नये. चुकाही आणाव्यात. जलतरणपटू मायकेल फेल्प्सला प्रशिक्षक बॉब बोमन यांनी लहान असल्यापासून झोपताना आणि उठल्यावर शर्यत मनात पोहायची सवय लावली होती, आणि त्यात बिघडलेली शर्यतही असे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम फेरीत त्याच्या गॉगलमध्ये पाणी भरलं. शेवटी भिंतही दिसेना. त्याने हातांचे फटके मोजले, १ मिनिट ५२.०३ सेकंदांत भिंत गाठली आणि विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकलं.

हा सगळा माग काढण्याचं कारण आजच्या एका गैरसमजात आहे. शिबिरांत, व्याख्यानांत मुलांना सांगितलं जातं, डोळे मिटा आणि गळ्यातलं पदक पाहा. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियात फाम आणि टेलर यांनी परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांवर याच्याच जातीचा प्रयोग केला. काहींनी रोज चांगले गुण मिळाल्याचं दृश्य मनात आणलं, काहींनी आपण अभ्यास कसा करतो आहोत ते. अभ्यास मनात आणणाऱ्यांनी जास्त अभ्यास केला आणि गुणही जास्त मिळवले. पदक ही कृती नाही. ते मनात पाहिलं तरी त्यात हात-पायांना करण्यासारखं काही नसतं.

म्हणून लहान मुलांना शिकवणाऱ्या प्रशिक्षकांना एकच गोष्ट सांगावीशी वाटते. मुलाला डोळे मिटून त्याची शर्यत मनात धावायला किंवा पोहायला सांगा. सुरू करताना त्याला बोट उचलू द्या, संपल्यावर पुन्हा उचलू द्या, आणि तुम्ही स्टॉपवॉच धरा. जी शर्यत तो प्रत्यक्षात अडीच मिनिटांत पोहतो, ती मनात वीस सेकंदांत संपली तर त्याने फक्त शेवट पाहिला. तीच शर्यत अडीच मिनिटांच्या आसपास आली, मध्ये त्याचा श्वास चढला, वळणाशी खांदा किंचित हलला, तर तो खरोखर पाण्यात होता. मग त्याला पाण्यात सोडा.