दाखवावे कुठे, ठेवावे कुठे : हौशी चित्रफितींचा एक स्थानिक इतिहास

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी उपयोजनांवर बंदी घातली. त्यांत टिकटॉकही होते. या बंदीमागील राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न प्रस्तुत लेखाचा विषय नाही. येथे लक्ष वेधायचे आहे ते एवढ्याकडेच की, त्या एका निर्णयाने असंख्य सामान्य माणसांनी निर्माण केलेले दृश्यभांडार या देशातील प्रेक्षकासाठी नाहीसे झाले. एखाद्या नियतकालिकावर अशी वेळ आली असती तर त्याचे जुने अंक निदान वाचनालयात राहिले असते. येथे अंक आणि वाचनालय एकाच घरात होते, आणि त्या घरालाच कुलूप लागले.

बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण हा या घटनेचा बोलका साक्षीदार म्हणता येईल. त्याची पहिली प्रसिद्धी टिकटॉकवरची. 'गुलीगत' हा त्याचा शब्द पश्चिम महाराष्ट्रातल्या पोरासोरांच्या तोंडी बसला तोही तिथूनच. बंदीनंतर त्याला जागा बदलावी लागली. इन्स्टाग्राम आणि यूट्यूब येथे त्याने पुन्हा प्रेक्षक जमवला. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी तो 'बिग बॉस मराठी'च्या पाचव्या पर्वाचा विजेता ठरला आणि एप्रिल २०२५मध्ये केदार शिंदे दिग्दर्शित 'झापुक झुपूक' या चित्रपटाचा नायक म्हणून पडद्यावर आला. त्याच्या अभिनयाविषयी किंवा अभिरुचीविषयी कोणाचे काहीही मत असो (आणि साहित्याच्या प्राध्यापकांचे ते काय असेल याची कल्पना करता येते); पण मोढव्यासारख्या गावातल्या मुलाला कोणत्याही नाट्यसंस्थेची, एकांकिका स्पर्धेची किंवा पुण्यामुंबईच्या ओळखीची पायरी न चढता प्रेक्षक मिळतो, ही मराठी रंजनव्यवहाराच्या इतिहासात नोंदवण्याजोगी गोष्ट आहे.

'हौशी' हा शब्द आपल्याकडे नाटकाने रुजवला. राज्य नाट्य स्पर्धेच्या नावात तो आजही आहे. मात्र हौशी नाटकाला नाट्यगृह, परीक्षक आणि तारीख लागते. स्थळ ठरलेले असते. हौशी चित्रफीत करणाऱ्याला स्थळ स्वतः निवडावे लागते, आणि ही निवड पुढे त्याच्या कृतीचा आकार ठरवते. तमाशाचे उदाहरण घेऊ. कनातीत तिकीट काढून आलेला प्रेक्षक वगासाठी रात्रभर बसतो. जत्रेत उघड्यावर उभा असलेला प्रेक्षक पाय दुखले की निघून जातो. त्याला थांबवायचे तर पहिल्या क्षणीच काहीतरी चमकावे लागते. टिकटॉकचा प्रेक्षक हा जत्रेतला उभा प्रेक्षक होता. आधी पंधरा सेकंदांची, पुढे साठ सेकंदांची मर्यादा असलेल्या जागेत 'गुलीगत'सारखा एकच शब्द पुरतो. किंबहुना तेवढाच पुरतो.

याच बारामती परिसरातून आलेली 'चांडाळ चौकडीच्या करामती' ही मालिका यूट्यूबवर आहे, आणि तिचा ऐवज अगदी वेगळा आहे. तिथे पात्रे आहेत, पारावरचे बोलणे आहे, भागाभागांतून वाढणारी गावकी आहे. द. मा. मिरासदार आणि शंकर पाटील यांच्या ग्रामीण विनोदी कथेशी तिचे नाते कोणी अभ्यासकाने तपासावे असे वाटते. ही मालिका साठ सेकंदांच्या जागी जन्मालाच आली नसती. कारण गावाकडचा विनोद बोलणाऱ्याच्या रेंगाळण्यात असतो, आणि रेंगाळायला सवड लागते.

यूट्यूबवर तरी ती सवड पहिल्यापासून होती का? नव्हती. एप्रिल २००५मध्ये या स्थळावर चढवलेली पहिली चित्रफीत अवघ्या १९ सेकंदांची. मार्च २००६पासून सर्वसाधारण सभासदाला दहा मिनिटांची मर्यादा आली. ती जुलै २०१०मध्ये पंधरावर गेली आणि त्यानंतर सैलावली. म्हणजे त्या काळात कोणाला दोन तासांचे कीर्तन चढवायचे असते तर त्याचे बारा तुकडे करावे लागले असते. पूर्वरंग चौथ्या तुकड्यात तुटणार, आख्यान सातव्यात.

स्थळनिवडीचा हा प्रश्न महाजालाबरोबर आलेला नाही. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण केले. व्यवसायाने ते छायाचित्रकार. चलच्चित्राचा यंत्रखेळ मात्र हौसेने मागवलेला. १९०१ साली रँग्लर र. पु. परांजपे मायदेशी परतले तेव्हाचे स्वागतही त्यांनी टिपले. हे चित्रण लोकांना दाखवण्यासाठी पडदा त्यांनाच उभारावा लागे. दाखवण्याची जागा त्यांनी अशी शोधली. ठेवण्याची जागा मात्र त्या काळी अस्तित्वातच नव्हती. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले ते १९६४मध्ये. सावेदादांची ती कुस्ती आज आपल्याला पाहायला मिळत नाही. आणि संग्रहालय म्हणजे अभय असेही नाही : जानेवारी २००३मध्ये पुण्यातच लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिती जळाल्याच.

दाखवण्याची जागा आणि ठेवण्याची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे भान आपल्याकडे कोणी दाखवले असेल तर ते जात्यावरच्या ओव्यांच्या संग्राहकांनी. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या डोंगराळ भागापासून सुरुवात करून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पुढे बर्नार बेल यांनी त्यांपैकी कित्येकींचे ध्वनिमुद्रण केले. पॉइत्व्हाँ २००४मध्ये गेले, राईरकर २०१०मध्ये. तरीही हा संग्रह जिवंत राहिला, आणि २०१७पासून पी. साईनाथ यांच्या 'पारी'वर तो गायिकेचे नाव, गाव, तालुका यांसह प्रसिद्ध होऊ लागला. ओवी कोणाची आणि कोठली हे सांगणारी नोंद तिच्यासोबत प्रवास करते. टिकटॉकवर नेमके उलटे घडत असे. एकाचा आवाज दुसरा घेई, दुसऱ्याचा तिसरा. मूळ मुखाचा मागमूस अनेकदा उरत नसे. मौखिक परंपरेचे अभ्यासक यात लोकसाहित्याची निनावी रीत पाहतील. मला ते साम्य वरवरचे वाटते. कारण ओवीचे निनावीपण कोणाच्या नफ्यासाठी घडलेले नव्हते.

जागांचे आयुष्य किती, हेही पाहावे. 'गूगल व्हिडिओ' जानेवारी २००५मध्ये निघाले. एप्रिल २०११मध्ये तेथल्या चित्रफिती बंद करण्याची घोषणा झाली, ओरड झाल्यावर मुदत वाढली, आणि ऑगस्ट २०१२मध्ये ते संपले. ऑर्कुट जानेवारी २००४ ते सप्टेंबर २०१४. ब्लिप टीव्ही २०१५मध्ये गेले. टिकटॉकच्या पश्चात मोज, चिंगारी, टकाटक अशी देशी नावे लवकरच पुढे आली. त्यांतले टकाटक २०२२मध्येच मोजमध्ये विलीन झाले. दिवाळी अंकाचे वयसुद्धा याहून बरे असते.

आता इंदापुराकडे. तुकोबांची पालखी बारामती सोडते तेव्हा काटेवाडीत मेंढ्यांचे रिंगण होते. पुढे बेलवाडीला आणि इंदापूरला गोल रिंगण, सराटीला पादुकांचे नीरास्नान. या साऱ्याची चित्रफीत आज हजारो हात काढतात आणि त्यातली बहुतेक व्हॉट्सॅपच्या गटांत सोडून देतात. तिथे पाठवताना चित्र दाबून लहान केले जाते, तारीख-स्थळाची मूळ नोंद गळते, आणि पुढल्या वर्षी तीच फीत 'यंदाचे रिंगण' म्हणून फिरू लागते. काटेवाडीच्या मेंढ्यांचा धावण्याचा क्रम किंवा धनगरांचे पोशाख दहा वर्षांत कसे बदलले, हे उद्याच्या संशोधकाला अशा फितींवरून सांगता येणार नाही. तेवढ्याच फिती साल आणि गाव लिहून 'इंटरनेट आर्काइव्ह'सारख्या विनानफा संग्रहात ठेवल्या, तर सांगता येईल. तिथे प्रेक्षक फारसा येत नाही, हे खरे. म्हणून यूट्यूब सोडावे असे नव्हे. एक प्रत तिथे, एक इथे, आणि मूळ फाईल घरच्या तबकडीवर.

इंदापूर तालुक्यात पळसदेव आहे. भीमेवरचे उजनी धरण १९८०मध्ये पूर्ण झाले आणि जुने पळसदेव पाण्याखाली गेले. तिथले हेमाडपंती पळसनाथ मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते आणि पावसाळ्यात पुन्हा बुडते. दुष्काळी वर्षांत लोक ते पाहायला जातात, भ्रमणध्वनीवर टिपतात, आता ड्रोनही उडतात. कोणत्या साली पाणी कुठल्या थरापर्यंत उतरले, कोणता दगड निखळला, शिखराचा कोणता भाग गेल्या खेपेला होता आणि या खेपेला नाही, हे सारे त्या फितींत आहे. मात्र पाहणाऱ्याला फितीचे साल कळले तरच.