गणेशखिंड आणि एक न टाकलेले पोस्टकार्ड

समितीच्या कार्यवाहांनी यंदा मला गाठलेच. "साहेब, दरवेळी रुळांवरचे नको, काहीतरी वेगळे द्या," म्हणाले. रुळांशिवाय मला फारसे येत नाही, तरीही बाप्पाचे नाव घेऊन प्रयत्न करतो. विषय तसा बाप्पाच्याच पत्त्यावरचा आहे. पुणे विद्यापीठ जिथे आहे त्या जागेचे नाव गणेशखिंड, आणि तिथे सामान्य माणसासाठी विज्ञानाचे दार कसे उघडले गेले, त्याची ही हकीकत.

विद्यापीठ स्थापन झाले 1949 साली. पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर. विद्यापीठाने फाटकाबाहेरच्या लोकांकडेही जावे हा विचार तेव्हाही होता. बहिःशाल शिक्षण मंडळातर्फे प्राध्यापक मंडळी गावोगावी व्याख्याने द्यायला जात. पण त्यात वक्ता बोले आणि श्रोता ऐके. श्रोत्याने विचारावे आणि शास्त्रज्ञाने उत्तर द्यावे, हे वळण पुढे आले.

ते आणले आयुकाने, म्हणजे आंतरविद्यापीठीय खगोलविज्ञान आणि खगोलभौतिकी केंद्राने. विद्यापीठ अनुदान आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष प्रा. यशपाल यांनी डॉ. जयंत नारळीकरांना गळ घातली. सरांनी मुंबईची टाटा संस्था सोडली आणि 1988 साली विद्यापीठाच्याच आवारात केंद्र उभे राहू लागले. इमारतीचा आराखडा चार्ल्स कोरिया यांचा. अंगणात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन यांचे पुतळे. काम होते देशभरच्या विद्यापीठांतील संशोधकांसाठी, शाळकरी पोरांशी संबंध येण्याचे खरे तर कारण नव्हते. तरीही दुसऱ्या शनिवारी शाळेतल्या मुलांसाठी व्याख्यान, उन्हाळ्याच्या सुटीत निवडक मुलांना आठवडाभर शास्त्रज्ञांबरोबर काम, आणि 28 फेब्रुवारीला, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिनी, सर्वांना मुक्त प्रवेश, अशी प्रथाच पडली. हे काम कुणा जनसंपर्क अधिकाऱ्यावर सोपवून ते मोकळे झाले नाहीत. दिवसभर कृष्णविवरांची गणिते करणारी माणसेच मुलांसमोर उभी राहिली. माझ्या मते सगळे मर्म तिथेच आहे. 1996 साली नारळीकर सरांना विज्ञानप्रसारासाठी युनेस्कोचा कलिंग पुरस्कार मिळाला, तो काही नुसत्या पुस्तकांसाठी नसणार.

आपल्याला अभिमान वाटावा असा यात एक राजस्थानी धागाही आहे. सरांचे वडील प्रा. विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवत. ते सोडून ते आपल्या शेजारच्या अजमेरला राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष म्हणून आले आणि तिथून पुणे विद्यापीठात लोकमान्य टिळक अध्यासनावर गेले. तिथे त्यांच्या हाताखाली संशोधन करणारे नरेश दधीच हे मूळचे आपल्या चुरू जिल्ह्यातले. आयुकाच्या उभारणीत ते पहिल्यापासून होते आणि 2003 मध्ये सर निवृत्त झाल्यावर तेच संचालक झाले. मराठी घर राजस्थानात आले आणि राजस्थानी माणूस गणेशखिंडीत रुजला!

आता माझ्याबद्दल थोडे. माझे वडील दौंडला गँगमन होते. आठवीत असताना विज्ञान दिनाला आमचे सर आम्हाला पुण्याला घेऊन गेले. तिथे फूकोचा लंबक पाहिला. लांब तारेला टांगलेला जड गोळा सावकाश झोके घेतो आणि झोक्याची दिशा हळूहळू बदलत जाते. पुण्याच्या अक्षांशावर एक फेरा पुरा व्हायला तीन दिवसांहून थोडा जास्त वेळ लागतो. बदलत असते ती खरे तर खालची जमीन, हे समजले तेव्हा अंगावर काटा आला होता.

परतीच्या गाडीत शिक्षकांनी सांगितले की, नारळीकर सर मुलांच्या वह्यांत सह्या करत नाहीत. मात्र पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवला, तर उत्तर लिहून खाली सही करतात. मी दुसऱ्याच दिवशी कार्ड आणले. प्रश्न लिहिला : "पृथ्वी फिरते आहे, तर पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीला काही फरक पडतो का?" मग अक्षर वाईट वाटले, प्रश्न खुळा वाटला. गँगमनच्या पोराने एवढ्या मोठ्या माणसाला काय विचारायचे! ते कार्ड कंपासपेटीतच राहिले. पुढे दहावी, डिप्लोमा, नोकरी. असो.

पुष्कळ वर्षांनी वाचनात आले की प्रश्न खुळा नव्हता. अट्व्होश नावाच्या हंगेरीच्या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेमका हाच परिणाम उलगडून दाखवला होता. आपल्या अक्षांशावर हजार टनांची गाडी ताशी 100 किलोमीटरने पूर्वेला बांदीकुईच्या दिशेने धावत असेल, तर उभ्या गाडीपेक्षा तिचे वजन साधारण पावणेचारशे किलोंनी कमी भरेल. परत येताना जवळपास तितकेच जास्त. (सहकाऱ्यांनो, लोड टेबल बदलू नका, आपल्या कामात तो जमेस धरण्याइतका नाही!)

2004 च्या सुमारास पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून आयुकात मुलांसाठी खास इमारत झाली, तिचे नाव 'पुलस्त्य'. सप्तर्षींतला एक ऋषी आणि पु. ल. दोघेही त्यात आले. तिथल्या 'मुक्तांगण विज्ञान शोधिके'त अरविंद गुप्ता 2003 पासून 2014 पर्यंत होते. आयआयटीचे इंजिनियर, पण रिकाम्या बाटल्या, काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे यांतून खेळणी करून ते विज्ञान शिकवत. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

20 मे 2025 रोजी नारळीकर सर गेले. बातमी वाचली तेव्हा पहिल्यांदा आठवले ते कंपासपेटीतले कार्ड.

गेल्या डिसेंबरच्या सुटीत पाहुण्यांना जंतरमंतर दाखवायला नेले होते. सम्राट यंत्राची सावली पाहून माझी मुलगी म्हणाली, "बाबा, हे घड्याळ 27 मिनिटे मागे आहे. एवढे मोठे यंत्र चुकीचे का बांधले?" कोचिंगच्या धबडग्यात पोरीला प्रश्न पडला याचाच मला आनंद झाला. तिला म्हटले, तोंडी नको, कार्डावर लिही.

यंदा मंडपात आरतीच्या तबकाशेजारी एक पेटी ठेवली आहे आणि बाजूला कोरी पोस्टकार्डे. मुलांनी प्रश्न लिहून टाकायचे, नाव-पत्ता मराठीत किंवा हिंदीत. सिग्नल, इलेक्ट्रिकल, वर्कशॉप अशा सर्व खात्यांतल्या सहकाऱ्यांनी उत्तरे लिहायचे कबूल केले आहे. जे येणार नाही ते शोधून लिहू. पहिले कार्ड घरचेच आहे. त्याच्या मागे मी लिहिले आहे : "यंत्र बरोबर आहे. ते जयपूरचा सूर्य दाखवते. आपले घड्याळ 82.5 अंश रेखांशाची वेळ दाखवते आणि जयपूर पावणेशहात्तर अंशांच्या आसपास आहे. एका अंशाला चार मिनिटे, आता गुणाकार तू कर. फेब्रुवारीत पुन्हा जाऊ, तेव्हा फरक चाळीस मिनिटांच्या आसपास दिसेल. तो का, हे दुसऱ्या कार्डावर विचार."