आबादेचा चमचा

इराणमधील इस्फहान आणि शिराझ या नगरांना जोडणाऱ्या जुन्या मार्गावर आबादे हे गाव लागते. इस्फहानचे घुमट व शिराझच्या बागा जगाने वाखाणल्या. आबादेची कीर्ती मात्र लाकडी चमच्याने पसरविली.

एकोणिसाव्या शतकातील इराणी मेजवानीत सरबताला मोठा मान असे. लिंबाचे, डाळिंबाचे अथवा शिरका घातलेले गार सरबत मोठ्या वाडग्यात पाहुण्यांपुढे येई आणि त्यावर लांब दांड्याचे चमचे तरंगत असत. ते लाकडीच असण्यामागे विचार होता. आंबट रसाने तांबे कळकते, हे कल्हईची भांडी वापरलेल्या घरांना सांगावयास नको. सोन्याचांदीच्या पात्रांतून खाणेपिणे इस्लामी परंपरेने गैर मानले होते. लाकूड रसाची चव बिघडवीत नाही आणि ओठांना गारठवीत नाही.

नाशपती किंवा शमशाद या झाडांचे घट्ट, बारीक पोताचे लाकूड या कामासाठी निवडीत. चमच्याची होडीसारखी वाटी आतून-बाहेरून इतकी कोरीत, की तिच्यातून उजेड झिरपावा. दांडा वेगळा घडवून वाटीत बसवीत आणि सांध्यावर नक्षीदार तुकडा येई. दांड्यावर वेलबुट्टीची जाळी असे. पार्श्वभूमी खोदून आकृती उठावदार करण्याच्या या कलेला फारसीत ‘मुनब्बत’ म्हणतात. या शब्दाच्या मूळ अरबी धातूचा अर्थ ‘उगवणे’ असा आहे. लाकडातून पुन्हा पाने-फुले उगवावीत, अशीच ती नक्षी भासते.

या गावाची बाहेरच्या जगाशी गाठ पडली ती तारायंत्रामुळे. भारत आणि इंग्लंड यांना जोडणारी तार १८६०च्या दशकात इराणमधून नेण्यात आली. तिच्या इराणी विभागाचे प्रमुख रॉबर्ट मर्डॉक स्मिथ यांनी पुढे लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयासाठी इराणी कलावस्तू खरेदी केल्या. १८७६ मध्ये तेथे त्यांचे प्रदर्शन भरले. आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या संग्रहालयात सरबताचे हे चमचेही आहेत.

कालांतराने काचेचे पेले आणि धातूचे चमचे स्वस्त झाले. एका वाडग्यातून सर्वांनी सरबत घेण्याची रीत मागे पडली आणि चमच्याचे प्रयोजनच सरले. आबादेत मुनब्बतीची परंपरा टिकली; पण ती पेट्या, चौकटी आणि शोभेच्या वस्तूंकडे वळली. कौशल्य उरले, तरी त्याचा रोजच्या जेवणाशी असलेला संबंध सुटला.

ही हानी केवळ एका वस्तूची नव्हे. एवढा नाजूक चमचा हाती घेणाऱ्याचा हात आपोआप हलका होत असावा. कारागिराने तासन्‌तास घेतलेली काळजी वापरणाऱ्यालाही क्षणभर घ्यावी लागे. काचेआड ठेवलेल्या चमच्याचे सौंदर्य डोळ्यांना दिसते. ते जपून वापरण्याचे शिक्षण मात्र तेथे मिळत नाही.

‘सरबत’, ‘नक्षी’, ‘कारागीर’ हे शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि घरचे झाले. त्या तिन्ही शब्दांचा अर्थ एकाच वस्तूत सामावलेला पाहावयाचा असेल, तर तो आबादेच्या या चमच्यात पाहावा.