एकवीस तास आणि नऊ श्रोते

वक्तृत्वाचा इतिहास आपण बहुधा वक्त्यांच्या बाजूने लिहितो. कोण काय बोलला, किती वेळ बोलला, सभा कशी गाजली, हे आवर्जून सांगतो. ऐकणारा कोण होता आणि ऐकून घेण्याची त्याची तयारी होती काय, हा प्रश्न मात्र सहसा मागेच राहतो. लोकमान्य टिळकांच्या दोन खटल्यांकडे आज या प्रश्नाच्या उजेडात पाहावे असे वाटते.

३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे बॉम्ब पडला. त्यानंतर ‘केसरी’त आलेल्या लेखांपैकी १२ मेचा ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या दोन लेखांवरून सरकारने टिळकांवर खटले भरले. १३ जुलैला मुंबई हायकोर्टात सुनावणी सुरू झाली. न्यायासनावर न्यायमूर्ती दावर होते. १८९७ च्या खटल्यात टिळकांना जामीन मिळावा म्हणून वकील या नात्याने याच दावरांनी बाजू मांडली होती. या खेपेस टिळकांचा जामिनाचा अर्ज त्यांनीच नामंजूर केला.

सरकारने खास ज्युरीची मागणी केली, तेव्हा बचावपक्षाने हरकत घेतली ती भाषेच्या मुद्द्यावर. अशा ज्युरीत मराठी न जाणणाऱ्या युरोपियनांचाच भरणा होईल, असे त्यांचे म्हणणे होते. ते खरे ठरले. नऊ ज्युरर बसले, त्यांत सात युरोपियन आणि दोन पारशी. लेख मराठीत, पण ज्युरींपुढे आले ते सरकारी कचेरीत झालेले इंग्रजी भाषांतर.

टिळकांनी आपला बचाव स्वतः केला. १५ जुलैला ते बोलू लागले आणि २२ जुलैला थांबले. एकूण एकवीस तास दहा मिनिटे ते इंग्रजीत बोलले. त्याआधी भाषांतराच्या साक्षीदाराची त्यांनी एकेका शब्दावरून उलटतपासणी केली होती. मूळ मराठी शब्दाचा धर्म इंग्रजीत उतरला नाही, आणि जो कठोरपणा लेखात नाही तो भाषांतराने आणला, हा त्यांच्या बचावाचा एक कणाच होता. या भाषणात आवेशापेक्षा विवरण अधिक आहे. ज्यांना आपली भाषा कळत नाही त्यांना ती समजावून देण्याचा तो एक प्रचंड खटाटोप होता.

२२ जुलैच्या रात्री निकाल लागला. सात ज्युररांनी ‘दोषी’ म्हटले, दोघांनी ‘निर्दोष’. सहा वर्षे काळ्या पाण्याची सजा झाली. पुढे तीच मंडालेच्या तुरुंगात भोगावी लागली. कोर्टात ज्यांनी ते भाषण ऐकलेही नव्हते, त्या गिरणी कामगारांनी मुंबईत सहा दिवस हरताळ पाळला. म्हणजे कोर्टातल्या सातांना एकवीस तासांत जे पोचले नाही, ते परळच्या चाळींत केव्हाच पोचलेले होते.

आता आठ वर्षे पुढे येऊ. १९१६ साली स्वराज्यासंबंधी टिळकांनी बेळगाव व अहमदनगर येथे भाषणे केली. सरकारने पुन्हा कारवाई केली. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने वर्षभराच्या सद्वर्तनासाठी वीस हजारांचा मुचलका आणि प्रत्येकी दहा हजारांचे दोन जामीन मागितले. प्रकरण हायकोर्टात गेले. टिळकांच्या वतीने बॅरिस्टर जीना उभे राहिले. न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांच्यापुढेही भाषणांचे भाषांतरच होते. पण त्यांनी वाचण्याची रीत निराळी ठेवली. सुटे उतारे उचलून त्यांवर भार न देता, भाषणे समग्र, मोकळ्या व न्याय्य बुद्धीने वाचली पाहिजेत, अशी भूमिका त्यांनी घेतली. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द झाला.

दोन्ही प्रसंगांत काळ वेगळा, आरोपाचे स्वरूप वेगळे. सारा फरक केवळ ऐकण्याने पडला, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. तरीही वक्ता तोच, भाषांतराची अडचण तीच, आणि राज्यही तेच होते. फरक पडला तो समोरच्या माणसाने वाक्य ऐकायचे की मनुष्य ऐकायचा, यात.

मी सरकारी नोकरीत आहे. नागरिकांचे म्हणणे आमच्यापुढे क्वचितच त्याच्या स्वतःच्या शब्दांत येते. त्याचा अर्ज येतो, अर्जाचा गोषवारा होतो, गोषवाऱ्यावर टिपण चढते, आणि आम्ही टिपणावर सही करतो. एकदा एका वृद्ध शेतकऱ्याचे प्रकरण मी असेच निकालात काढले. पुढे तो स्वतः भेटीस आला. त्याचे बोलणे दहा मिनिटे ऐकल्यावर लक्षात आले की, त्याने जे मागितलेच नव्हते ते मी नाकारले होते. फाइल पुन्हा उघडली. त्या दिवसापासून खटल्यातले ते सात ज्युरर मला परके वाटत नाहीत.

टिळकांनी निकालानंतर काढलेले उद्गार १९५६ साली हायकोर्टातच संगमरवरी शिळेवर कोरले गेले. मुख्य न्यायाधीश छागला यांच्या हस्ते ती शिळा उघडली गेली. ज्या वास्तूत ते शब्द फुकट गेले, त्याच वास्तूने ते अखेर ऐकले. त्याला अठ्ठेचाळीस वर्षे लागली. मात्र त्या दोन पारशी ज्युररांनी ते त्याच रात्री ऐकले होते. त्यांच्यासाठी कोणी शिळा बसवली नाही. निदान आपल्या स्मरणात तरी त्यांना जागा असावी.